म्हाताऱ्या सभासदाची आंघोळ हा फक्त घरचा प्रश्न आहे काय?



या पत्रिकेतून आम्ही नेहमी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या, तोडणीचा कार्यक्रम आणि उसाचा दर यांवर लिहितो. या खेपेस विषय जरा निराळा घेतला आहे. "आंघोळ, शौच, कपडे हे काय कारखान्याच्या पत्रिकेत लिहायचं?" असे काही जण म्हणतील, याची आम्हाला कल्पना आहे. आमचे म्हणणे एवढेच की, जी गोष्ट चावडीवर बोलता येत नाही आणि घरातही कोणी तोंडातून काढत नाही, ती कोठे तरी छापली गेलीच पाहिजे. आणि आपल्या सभासदांच्या घराघरात पोहोचणारे दुसरे कोणते छापील पान आहे?

महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरेकाठी १९५० साली सुरू झाला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांतून कारखाने उभे राहिले. ज्यांनी ऐन उमेदीत भाग घेतले, माळरानावर विहिरी पाडल्या, रात्र-रात्र बारी धरली, त्यांतले पुष्कळसे आज हयात नाहीत. जे आहेत ते सत्तरी-ऐंशी ओलांडून गेले आहेत. त्यांच्या मागून आलेली पिढीही आता साठीला टेकली. भाग अजून म्हाताऱ्याच्याच नावावर असतो. सवलतीची साखर त्याच्याच नावावर निघते. वार्षिक सभेची नोटीसही त्याच्याच नावाने येते. पण त्याला स्वतःची आंघोळ स्वतःला करता येते काय, चड्डीची नाडी बांधता येते काय, संडासात बसल्यावर उठता येते काय, हे कोणत्याही दप्तरात नाही. पुष्कळदा घरच्यांनाही ते ठाऊक नसते.

सहा कामे

माणूस आपल्या पायांवर उभा आहे की नाही हे मोजायचे कसे? अमेरिकेत क्लीव्हलंड येथे सिडनी कॅट्झ नावाच्या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह यावर काम केले आणि १९६३ साली एक साधे कोष्टक प्रसिद्ध केले. त्यात रक्त तपासणे नाही की फोटो काढणे नाही. रोजची सहा कामे आहेत : आंघोळ करणे, कपडे घालणे, संडासला जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावर ताबा असणे आणि हाताने जेवणे. यांतली किती कामे माणूस कोणाच्या मदतीशिवाय करतो, एवढेच पाहायचे. आज जगभरचे डॉक्टर हे कोष्टक वापरतात.

कॅट्झ यांच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. ही कामे बहुधा एका क्रमाने हातची जातात. आंघोळ सर्वांत आधी जाते, जेवण सर्वांत शेवटी. लहान मूल जे आधी शिकते ते शेवटपर्यंत टिकते. म्हणून घरातल्या म्हाताऱ्याने आंघोळ टाळायला सुरुवात केली, तर तो आळस किंवा हट्ट समजू नये. पुष्कळदा ती पहिली सूचना असते.

पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी या दोघांनी त्यावरच्या पायरीची कामे मांडली : स्वयंपाक, बाजारहाट, औषधे वेळेवर घेणे, पैशांचा व्यवहार, टेलिफोन, प्रवास. ही कामे आधी अडतात आणि मग अंगाची कामे अडू लागतात. आजोबा पूर्वी बँकेत जाऊन बिल काढीत, आता नातवाला पाठवतात. आजी स्वतः गोळ्या घेत, आता दोनदा घेतात किंवा विसरतात. येथेच सावध व्हायला पाहिजे.

आपल्या देशात २०१७-१८ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने मुंबईच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत एक मोठी पाहणी करविली. पंचेचाळीस वर्षे व त्यावरील बहात्तर हजारांहून अधिक माणसांना त्यात प्रश्न विचारले गेले. साठीपुढच्या दर चार माणसांत सुमारे एकाला अंगाच्या रोजच्या कामांपैकी निदान एक काम करताना अडचण होते, आणि वरच्या पायरीच्या कामांत जवळजवळ निम्म्या माणसांना अडचण होते, असे त्यात दिसून आले. आपल्या गावात साठीपुढची शंभर माणसे धरली, तर पंचवीस घरांतला हा प्रश्न आहे.

लपविलेली अडचण

मग या पंचवीस घरांतून आवाज का येत नाही? कारण म्हातारी माणसे अडचण लपवितात. ज्याने आयुष्यभर चार गडी कामाला लावले, त्याने सुनेला "मला संडासातून उठव" असे कसे म्हणायचे? जिने घरातली दहा माणसे जेवू घातली, तिने "मला नऊवारी नेसता येत नाही, निऱ्या हातात धरवत नाहीत" हे कोणाला सांगायचे?

मग ती माणसे आपल्या परीने तोड काढतात, आणि ती तोडच पुढे अंगलट येते. रात्री उठावे लागू नये म्हणून दुपारपासून पाणी पिणे बंद करतात. पाणी कमी पडले की शौचाला खडा होतो, लघवीला जळजळ होते, उठताना चक्कर येते. पुन्हा-पुन्हा जावे लागेल या धास्तीने जेवण अर्धे करतात. जेवण अर्धे झाले की मांड्यांचे स्नायू झिजतात, आणि मग उठणे आणखी अवघड होते. घरच्यांना वाटते, "आता त्यांचं खाणं कमीच झालंय, वय झालं." आणि एके रात्री अंधारात, ओल्या फरशीवर पाय सरकतो. खुब्याचे हाड मोडते. त्या दिवसापासून घरातले सगळे बदलून जाते.

"वय झालं" हे काही आजाराचे नाव नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारखान्यात मिलचे बेअरिंग तापू लागले तर "मिल जुनी झाली" म्हणून कोणी हात बांधून बसत नाही. गळीत संपले की सगळी मिल उघडून ओव्हरहॉलिंग होते. झिजलेले बदलतात, वंगण देतात, आणि जुनीच मिल पुढचा हंगाम ओढून नेते. माणसाचे सगळे भाग बदलता येत नाहीत हे खरे. पण उघडून पाहायलाही नको काय?

डोळ्यात मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने दिसू लागते, आणि दिसू लागले की पायरी चुकत नाही. गुडघे झिजले असतील तर उंच बैठक, व्यायाम, गरज पडल्यास शस्त्रक्रिया हे उपाय आहेत. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. त्या मनाने बंद करू नयेत, पण सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मधुमेहाने पायाच्या तळव्याची संवेदना जाते, मग चप्पल निसटलेलीही कळत नाही. लघवी रोखता न येणे यालाही कारण असते. पुरुषांत प्रोस्टेट, बायकांत बाळंतपणांमुळे सैल पडलेले स्नायू. यावर इलाज आहे, पण सांगितले तर.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कालपर्यंत स्वतः आंघोळ करणारे माणूस आज अचानक उठेनासे झाले, असंबद्ध बोलू लागले, कपड्यातच लघवी होऊ लागली, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. तो न्यूमोनिया, लघवीतला जंतुसंसर्ग, अर्धांगवायू असा काहीही आजार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येईलच असेही नाही.

घरात काय करावे

आता घरात करण्याजोग्या गोष्टी पाहू. यांतल्या बहुतेक गोष्टींना गवंडी, सुतार आणि एक दिवस एवढेच लागते.

संडास : आपल्याकडे उकिडवे बसायचे भांडे असते. गुडघे गेलेल्या माणसाला त्यावर बसता येते, पण उठता येत नाही. त्या भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. बाजूच्या भिंतीला लोखंडी नळीचा दांडा पक्का बसवावा, बसून हात पोहोचेल अशा उंचीवर. टॉवेल वाळत घालायची दांडी आधाराला चालत नाही. अंगाचा भार पडला की ती निखळून येते. कडी आतून लावली तरी बाहेरून काढता येईल अशी करावी. आणि मुख्य म्हणजे बिछान्यापासून संडासापर्यंत रात्रभर एक दिवा जळत ठेवावा. मोटारीच्या बिलापुढे त्या दिव्याचे बिल ते काय?

आंघोळ : उभे राहून किंवा खाली पाटावर बसून नको; पाय जमिनीला नीट टेकतील अशा स्टुलावर किंवा खुर्चीवर बसून. खुर्चीचे पाय घसरणारे नसावेत. बादलीत आधी गार पाणी घालावे आणि मग गरम. म्हाताऱ्या कातडीला चटका लवकर बसतो. फरशी खरबरीत ठेवावी, साबणाचे पाणी साचू देऊ नये. रोज डोक्यावरून आंघोळ झालीच पाहिजे असेही नाही. ज्या दिवशी त्राण नसेल त्या दिवशी ओल्या पंचाने अंग पुसले तरी चालते. काखा, जांघा आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्या कराव्यात.

कपडे : नाडीच्या जागी इलॅस्टिक, मागच्या गुंड्यांच्या जागी पुढच्या गुंड्या, किंवा चिकटपट्टी. अर्धांगवायू झालेल्या माणसाला सदरा घालताना लुळा हात आधी बाहीत घालावा आणि काढताना चांगला हात आधी काढावा. एवढे कळले तर रोजची ओढाताण वाचते. नऊवारी नेसणे होत नसेल तर आजीला गाऊन घालायला कमीपणा वाटू नये, आणि शेजारणीनेही तोंडाला पदर लावून हसू नये.

बिछाना : जमिनीवरच्या वाकळेवरून उठणे सर्वांत अवघड. पलंग किंवा बाज गुडघ्याच्या उंचीची असावी. झोपेतून एकदम उठू नये. आधी कुशीवर वळून बसावे, पाय खाली सोडून मिनिटभर थांबावे, मग उभे राहावे. जे माणूस पूर्ण अंथरुणाला खिळले आहे, त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी. नाहीतर पाठीला आणि कमरेला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत.

जेवण : हात थरथरत असेल तर चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करावा. जेवताना सरळ बसवावे, आडवे निजवून भरवू नये. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

आणि व्यायाम. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे. जमेल तितके, रोज. उभे असताना भिंतीला किंवा मेजाला हात लावून टाचा उचलायच्या. पायांचे बळ आणि तोल वाढविणाऱ्या अशा व्यायामाने पडण्याचे प्रमाण कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. आपण खोडव्याची निगा राखतो : बुडखे छाटतो, पाचट ठेवतो, वेळेवर खत देतो. निगा राखली तर खोडवाही चांगला उतरतो. बाकीचे सांगायला नको.

मदत किती आणि कोणी करायची

मदत करण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. एका घरात म्हाताऱ्याकडे कोणी बघत नाही. दुसऱ्या घरात सगळे त्याच्यासाठी करून टाकतात. घास भरवतात, बटणे लावतात, "तुम्ही बसा, अप्पा" म्हणून जागचे हलू देत नाहीत. पहिल्यात उपेक्षा आहे हे सर्वांना दिसते. दुसऱ्यातही नुकसान आहे हे दिसत नाही. जे काम हातून काढून घेतले ते पुन्हा हाताला येत नाही. म्हातारा सदऱ्याची चार बटणे लावायला दहा मिनिटे घेत असेल तर दहा मिनिटे घेऊ द्यावीत. पाचवे लागत नसेल तर तेवढेच आपण लावावे.

आता थोडे कडू बोलतो. हे सगळे आपल्या घरात करते कोण? सून करते, लेक आली तर लेक करते, नाहीतर म्हातारी बायको स्वतःचे गुडघे धरून नवऱ्याचे करते. मुलगा कारखान्यावर, सोसायटीत, पंचायतीत असतो. बापाच्या नावाचे टनेज किती गेले हे त्याला तोंडपाठ असते. बाप आज संडासला गेला होता काय हे सुनेला विचारावे लागते. सासऱ्याला आंघोळ घालताना त्या बाईला आणि त्या म्हाताऱ्याला दोघांनाही काय वाटत असेल? बापाला आंघोळ घालणे हे मुलाचे काम आहे. त्याने पुरुषपण कमी होत नाही. लहानपणी नदीवर नेऊन बापाने पाठ चोळलेली असते, ती परतफेड समजा.

आणि घरातल्या बाईला महिन्यातून चार दिवस तरी माहेरी किंवा देवाला जायची मोकळीक दिली पाहिजे. अहोरात्र एकट्याने सेवा करणारे माणूसही मोडून पडते. मग घरात दोन रोगी होतात.

सातबारा आणि सांभाळ

सभासदांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पुष्कळ म्हातारी माणसे लेकरांच्या भरवशावर जमीन नावावर करून देतात आणि मग भाकरीला महाग होतात. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ साली झाला आणि महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरील न्यायाधिकरणाकडे साठीपुढच्या आई-बापांना अर्ज करता येतो. त्या कायद्याच्या २३ व्या कलमाचा अर्थ असा की, सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरविता येते. म्हणून बक्षीसपत्र करतानाच ही अट दस्तात शब्दांत लिहून घ्यावी. हा मुलावरचा अविश्वास नव्हे. कारखान्याशी आपण उसाचा करार करतो, तेव्हा कोणी कोणावर रुसतो काय?

गरीब घरांसाठी राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या व्यक्तीला साधने घेण्यासाठी एकवेळ तीन हजार रुपये, असे तिचे स्वरूप ठरले. काठी, वॉकर, चष्मा, श्रवणयंत्र, कमोड खुर्ची अशी साधने त्यात धरली आहेत. सध्याच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात.

कारखान्याने काय करावे

"कारखान्याने ऊस गाळावा, म्हाताऱ्यांची सेवा करणे हे त्याचे काम नाही," असा एक आक्षेप येईल. साखरेचे भाव, कर्जाचे हप्ते, एफआरपीची देणी यांचा ताण आम्हाला कळतो. पण आपल्या महाराष्ट्रात साखर कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, उपसा योजना केल्या. त्याही गाळपाच्या बाहेरच्याच गोष्टी होत्या. आणि आम्ही इमारत मागत नाही.

आमच्या सूचना चार आहेत. पहिली, प्रत्येक गट कार्यालयात काही कमोड खुर्च्या, वॉकर आणि एखादी चाकाची खुर्ची ठेवावी; ज्याला गरज आहे त्याने सही करून न्यावी आणि गरज संपल्यावर परत आणावी. ही साधने पुष्कळ घरांत चार-सहा महिने लागतात आणि मग माळ्यावर पडून राहतात. दुसरी, गळीत सुरू होण्यापूर्वी गटागटात डोळे, कान, गुडघे आणि पायांच्या तपासणीचे शिबिर घ्यावे. तिसरी, वार्षिक सभेच्या मंडपात वयस्क सभासदांसाठी बसायला खुर्च्या आणि जवळ उंच बैठकीचा संडास असावा. आज पुष्कळ जुने सभासद सभेला येत नाहीत. त्यांना कारखान्याची आस्था उरली नाही असे नव्हे. चार तास लघवी रोखता येत नाही म्हणून ते घरी राहतात. चौथी, सवलतीची साखर नेण्यासाठी म्हाताऱ्या माणसाला रांगेत उभे करू नये.

पाचवी गोष्ट सूचना म्हणून नव्हे, आठवण म्हणून सांगतो. आपल्या फडात कोयता चालविणारी बीडकडची, नगरकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचे आई-बाप मागे गावी राहतात. ज्या महिन्यांत आपला ऊस तुटतो, त्याच महिन्यांत त्या म्हाताऱ्यांना पाण्याचा तांब्या द्यायला घरात कोणी नसते. आपल्या साखरेत हाही हिशेब आहे. मुकादमाशी बोलताना, टोळीला उचल देताना, "मागं कोण आहे?" एवढे तरी विचारावे. एखाद्याला मधे दोन दिवस गावी जाऊन यायचे असेल तर अडवू नये.

येत्या सर्वसाधारण सभेत वरील चार सूचनांवर ठराव मांडण्याचा आमचा विचार आहे. सभासदांनी त्यावर आपली मते गट कार्यालयाकडे लेखी पाठवावीत, विरोधातलीही पाठवावीत. ठराव होईल तेव्हा होईल. तोपर्यंत प्रत्येकाने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाशेजारी संध्याकाळी घटकाभर बसावे आणि एवढेच विचारावे, "आंघोळीला, संडासला काही अडतं का तुम्हाला?" पहिल्यांदा "काही नाही" असेच उत्तर येईल. दोन दिवसांनी पुन्हा विचारावे.